रेकॉर्डेड कोर्स की लाइव्ह बॅच?

आपला विषय ऑनलाइन शिकवायचा तर मुख्य रस्ते दोन. व्हिडिओ एकदा करून ठेवायचे आणि ज्याला जमेल तसं त्याने बघायचं. नाहीतर तारखा ठरवून मोजक्या लोकांची बॅच लाइव्ह घ्यायची. पहिल्यात मेहनत आधीच उरकते, दुसऱ्यात दर बॅचला नव्याने करावी लागते.

रेकॉर्डेडची ओढ कशाची, हे २०११ मध्ये दिसलं. सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग ऑनलाइन सर्वांना खुला केला आणि सुमारे १,६०,००० जणांनी नावं घातली. पण नाव घालणारा शेवटपर्यंत जातोच असं नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या कोर्सेसची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी जेमतेम ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के. (पैसे भरणारा मुळातच जिद्दीचा असतो, त्यामुळे सगळं श्रेय फीला देऊ नये.)

लाइव्ह बॅचमध्ये तारखांचा धाक असतो, सोबतीही असतात. तिची खरी किंमत मात्र आणखी एका गोष्टीत आहे: शिकणारा चुकतो तेव्हा कुणीतरी बघत असतं. तासभर आपणच बोलणार असू, तर लोकांना ठरावीक वेळी बोलावण्यात अर्थ नाही. आणि तेच तासाभराचं भाषण रेकॉर्ड करून टाकणं तर त्याहून वाईट. एडएक्सवरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. म्हणून छोटे व्हिडिओ करा, पण एकसंध युक्तिवादाचे तुकडे पाडू नका.

हल्ली रेकॉर्डेड कोर्सला एआय चॅट जोडून शिक्षकाची उणीव भरून काढायचा मोह होतो. तुर्कस्तानातल्या एका शाळेत गणितासाठी असा प्रयोग झाला. साधं चॅट वापरणाऱ्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण चॅट काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते चॅट कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडले. थेट उत्तर न देता इशारे देणाऱ्या चॅटने हे नुकसान बहुतांशी टळलं. जोडायचंच असेल तर तसलं जोडा.

माझा कौल विषयावर ठरतो. व्याकरण, हिशेब, प्रोग्रामिंगची पायाभरणी यांत चुका आधी ओळखता येतात आणि उत्तरं यंत्राला तपासता येतात. तिथे रेकॉर्डेड आणि भरपूर स्वयंचलित चाचण्या पुरतात. लेखन, मुलाखतीची तयारी, डिझाइन यांना माणसाचा डोळा लागतो, तिथे लाइव्हच. दर काही महिन्यांनी स्क्रीन बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ करण्यात तर वेळ घालवूच नका. आणि विषय पहिल्यांदाच शिकवत असाल, तर आधी एक लहान लाइव्ह बॅच घ्या, लोक कुठे अडतात ते टिपून ठेवा आणि मग रेकॉर्डिंगला बसा.