चिऱ्याच्या घराला चुना की प्लास्टिक पेंट?

राजापूरकडच्या आमच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घराला पाच वर्षांपूर्वी रंग काढला. पुढच्या खोलीला भारीतलं इमल्शन, म्हणजे प्लास्टिक पेंट, आणि पैसे संपले म्हणून माजघराला चुना. त्यामुळे एकाच छपराखाली दोन्ही बघायला मिळाले.

पेंट देखणा, ओल्या फडक्याने पुसला जातो. घरात लहान मुलं असतील तर ही मोठी सोय. शिशाची धास्तीही पूर्वीइतकी नाही, 2017च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आहे. नव्या रंगाचा वास आठवडाभर डोळ्यांना झोंबला, मग गेला.

गेला नाही तो कपाटामागचा. चिरा पावसात पाणी पितो, ती ओल खोलीच्या बाजूने बाहेर पडू बघते आणि पेंटचा पापुद्रा तिला अडवतो. दुसऱ्याच जुलैत भिंतीला फुगे आले. एकाला नख लावलं तर आतून पाणी ओघळलं, मागे काळी बुरशी. गोधड्यांना कुबट वास, आणि आईला पहाटे खोकला. माजघरात झोपायला लागल्यावर तो कमी झाला. याला डॉक्टरी पुरावा म्हणणार नाही, पण तिने अंथरूण हलवलं ते परत नेलं नाही.

चुन्यातून ओल येते तशी सुकून जाते. शिवाय ताजा चुना इतका अल्कधर्मी की बुरशीला रुजणं जड जातं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची हळूहळू चुनखडी होते, तसा हा जोर ओसरतो. म्हणून आम्ही दर मे महिन्यात एक हात देतो. पाठ टेकली की सदरा पांढरा होतो, हेही खरं. डिंक घातल्याने कमी होतं, थांबत नाही.

कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विरवताना पिंप अक्षरशः उकळतं, मुलांना लांब ठेवा, डोळे सांभाळा. गाळून ताकासारखा पातळ करून तीन हात द्यावेत. जाड दिला की पोपडे धरतो.

भिंती कोरड्या असलेल्या शहरातल्या फ्लॅटसाठी मी कदाचित पेंटच घेईन. आणि कौलं गळत असतील तर दोन्ही फुकट.

एक मात्र आधीच ठरवा: पुट्टी-पेंटवर चुना धरत नाही. यंदा पुढची खोली खरवडून घेतली, तर चुन्यापेक्षा मजुरीच कितीतरी जास्त झाली. ओट्यामागे पेंट तसाच ठेवलाय. फोडणीचे शिंतोडे चुन्यावरून पुसायला गेलं तर चुनाच पुसला जायचा.