पोर्चमधला चार्जिंग पॉइंट: एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या कामाचा अनुभव

विजेवरची मोटार घ्यायचे ठरले तेव्हा पोर्चच्या दिव्याच्या लाइनवरून 16 अँपिअरचा एक पॉइंट काढला की काम भागेल, अशी माझी समजूत होती. तळेगावातल्या ज्या परवानाधारक ठेकेदारांना हे काम दिले, त्यांनी मात्र पोर्चकडे वळण्याआधी वीजबिल मागितले आणि त्यावरचा मंजूर भार पाहिला. आमच्याकडे सिंगल फेज आणि 5 किलोवॉट मंजूर होते. गीझरचे 2 किलोवॉट, दीड टनी एसीचे साधारण दीड, पाण्याच्या पंपाचे पाऊण आणि त्यावर चार्जरचे 3.3 अशी बेरीज त्यांनी बिलाच्या पाठीवर मांडून दाखवली, तेव्हा गणित साडेसात किलोवॉटच्या पुढे गेले. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा लागणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच कळले, ही माझ्या मते या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट.

दुसरा प्रश्न चार्जरच्या क्षमतेचा होता. 7.4 किलोवॉटचा चार्जर 32 अँपिअर ओढतो आणि त्यासाठी थ्री फेज जोडणी घेणे शहाणपणाचे ठरले असते. आमची बॅटरी 30 युनिटांची असल्याने ती 3.3 किलोवॉटवर साधारण दहा तासांत, म्हणजे एका रात्रीत भरते. त्यामुळे तूर्त तेवढ्यावरच थांबण्याचा त्यांचा सल्ला आम्ही मानला. मात्र मीटरपासून पोर्चपर्यंतच्या 18 मीटर अंतरासाठी त्यांनी 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल टाकली, जेणेकरून पुढे मोठा चार्जर आला तरी अंगण पुन्हा खणावे लागू नये. घरातला नेहमीचा 16 अँपिअरचा सॉकेट गीझरला पुरतो, पण सलग दहा तास 14-15 अँपिअर वाहू लागले की त्याच्या पट्ट्या तापतात. म्हणून त्यांनी झाकणाचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट बसवला आणि त्याला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) दिला.

अर्थिंगबाबत त्यांनी दाखवलेली चिकाटी कौतुकास्पद होती. जुन्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजला तर तो 11 ओहम आला; हा आकडा जितका कमी तितके चांगले. खाली काळा पाषाण लागल्याने खोल जाणे अवघड होते, तेव्हा दुसरीकडे खड्डा घेऊन तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) वापरून त्यांनी मोजणी 3 ओहमच्या आत आणली. हे काम मे महिन्यात झाले ते बरे, कारण पावसाळ्यात ओल्या जमिनीत आकडा आपोआपच चांगला दिसतो आणि फसगत होते.

आता तक्रारी. विजेच्या गळतीपासून संरक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवला खरा, पण तो दुकानात सर्रास मिळणारा ‘एसी’ प्रकारचा, म्हणजे फक्त प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाची गळती ओळखणारा होता. मोटारीच्या चार्जरच्या गळतीत डीसीचा (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा) अंश असू शकतो आणि तो या प्रकाराला नीट ओळखता येत नाही. ‘ए’ प्रकार लावा, असे मला सांगावे लागले. त्यांनी तो विनातक्रार बदलला, परंतु इतक्या जाणकार माणसाकडून ही चूक अपेक्षित नव्हती. अंदाजपत्रकातही ‘किरकोळ साहित्य’ अशी एकच ओळ होती आणि 32 हजारांच्या अंतिम बिलात नेमकी तीच फुगली. पोर्चच्या भिंतीवरून उघडा नेलेला पीव्हीसी पाईप वाकडा आहे, त्याबद्दल न बोललेलेच बरे.

काम चार दिवसांत उरकले, चाचणी अहवालासाठी मात्र तीन आठवडे फोन करावे लागले. शेवटचे 5 हजार रुपये मी अहवाल हाती येईपर्यंत रोखून धरले होते. ज्यांना हे काम द्यायचे असेल त्यांनी तशी अट सुरुवातीलाच लिहून घ्यावी.