माथेरानच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडी

बावन्न हजार एक रुपये गेले. बावन्न हजारांचा संताप येतो, वरच्या एका रुपयाची लाज वाटते.

नाताळात माथेरान, तीन रात्री, नऊ माणसं. हॉटेल नको, जुना पारशी बंगला हवा होता. रुंद व्हरांडा, जांभ्याचं जोतं, मागे स्वयंपाक्याची खोली. असे बंगले तिथे खरोखर आहेत. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तो डोंगर चढून गेले आणि त्यानंतर मुंबईच्या साहेबांनी, शेटजींनी तिथे प्लॉट घेऊन घरं बांधली. त्यातली काही आज भाड्याने मिळतात. मालक मुंबईत, माळी डोंगरावर, व्यवहार मधल्या माणसाशी. भामट्याला एवढी फट पुरते.

शोधात सगळ्यात वर आलेली जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवर बारा फोटो, रात्रीचे 14,000. तीन रात्रींचे 42,000, निम्मे आगाऊ. 21,000 यूपीआयने पाठवले. दुसऱ्या दिवशी जुन्या फर्निचरच्या नावाखाली 10,000 डिपॉझिट, म्हणे परत मिळणारं. संध्याकाळी फोन: "मॅडम, सिस्टिममध्ये 21,000 मॅच होत नाहीत, 21,001 टाका, आधीचे आपोआप रिटर्न येतील." ही युक्ती जुनी आहे, मी स्वतः दोघांना तिच्यापासून सावध केलं होतं. तरी टाकले. तो एक रुपया इतका कार्यालयीन वाटला की काय सांगू! कोणतंही बुकिंग जुळवायला दुसऱ्यांदा पैसे लागत नाहीत आणि परत यायच्या पैशांसाठी पिन कधीच टाकायचा नसतो.

पण कळायला हवं होतं ते पहिल्याच फोनवर. सासूबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून मी विचारलं, दस्तुरीच्या गाडीतळापासून किती लांब? उत्तर आलं, "दस्तुरीला थांबायचंच नाही मॅडम, गाडी थेट पोर्चमध्ये लागते. दोन गाड्यांची जागा आहे. हेरिटेज परमिट."

माथेरानला! जिथे दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकाची मोटार जात नाही. पुढे आपले पाय, घोडा, हल्ली ई-रिक्षा, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून शटल ट्रेन. सामानाला हमाल. हे मला पाठ आहे. नेरळहून मिनीट्रेनने कितीदा गेलेय. तरी मी "वा, छान" म्हणाले. कारण त्या वेळी मला नियम नको होता, सासूबाईंना दारापर्यंत नेणारी गाडी हवी होती. तुम्हीही म्हणाला असतात. नसतात म्हणाला तर तुमचं अभिनंदन.

दस्तुरीला गाड्यांची रांग होती. मी खिडकीतून 'परमिट'ची पीडीएफ दाखवत होते, मागचे हॉर्न मारत होते आणि नाक्यावरचा माणूस नुसता मान हलवत होता. शेवटी एका हमालाने माझ्या हातातला फोन घेतला, फोटो बोटांनी मोठा केला आणि कोपऱ्यावर नख ठेवलं. पोर्चच्या खांबामागे पांढऱ्या गाडीचं बॉनेट. "ताई, ही वर कशी आली?" मागे सिल्व्हर ओकची उंच रांग. ती पाचगणीला रस्तोरस्ती दिसते. फोटो दुसऱ्याच डोंगरावरचे! बारा फोटो मी निदान वीस वेळा पाहिले होते, पण पाहत होते व्हरांड्यातल्या आरामखुर्च्या.

नंबर बंद. त्या रात्री लॉजच्या तीन खोल्यांचे 8,400 वेगळे गेले.

नंतर त्याने पाठवलेला 'भटकंतीचा प्लॅन' वाचला. पॅनोरमा पॉइंट पायी पाच मिनिटं, वन ट्री हिलही पायी पाच मिनिटं. एक माथेरानच्या उत्तर टोकाला, दुसरा दक्षिणेला. बंगलेवाल्याला प्लॉट नंबर विचारा. बाजारपेठेतून बंगल्याकडे कसं वळायचं, सामान कोण आणतं, जवळचा पॉइंट कुठला, हे विचारा. खरा माळी वैतागेल इतकं तपशिलात सांगतो, भामटा लोकेशन पाठवतो. व्हिडिओ कॉलवर माळ्याला फाटकापासून व्हरांड्यापर्यंत चालायला लावा. पावतीवरचा जीएसटी नंबर 15 अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. माझ्या पावतीवरचा 07 ने होता, म्हणजे दिल्ली. पोर्टलवर तपासायला एक मिनिट लागलं असतं. यूपीआयवर पिन टाकण्याआधी बँकेतलं नाव दिसतं, तेही भलत्याचंच होतं. म्हणे, "अकाउंटंटचं आहे."

आता व्यवस्थेचं ऐका. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवता येतात. मला कळलं सोळा दिवसांनी, त्यामुळे तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. प्रत्येक व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, तेच आधी विचारतात. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. मी टाकला, मान्य, पण ज्या खात्यात गेले ते कोणाच्या केवायसीवर उघडलं, हे विचारलं तर "ते गोपनीय". पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, फसवणूक माथेरानची, तिकडे जा. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, पैसे घरून गेले, तिकडे जा. दोन्हीकडे चहा मिळाला. तिसऱ्या खेपेला एका हवालदारांनी विचारलं, "शिकलेल्या दिसता, तरी?" त्या 'तरी'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हद्दीचं उत्तर मात्र होतं, घरी येऊन वाचल्यावर सापडलेलं: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. कलमाचा प्रिंट घेऊन चौथ्यांदा गेले. तोंडी सांगू नका, कागद पुढे ठेवा. नोंद झाली. संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणूक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड, तेही मीच सुचवलं.

अजून एक पैसा आलेला नाही. जाहिरात परवा पुन्हा दिसली. नंबर नवा, बंगल्याचं नाव नवं, रात्रीचे 12,500. खांबामागे पांढरी गाडी तशीच उभी आहे.