यशिका मॅट १२४जी : अकरा महिने, सतरा रोल

यशिका मॅट १२४जी या माझ्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर अकरा महिन्यांत सतरा रोल झाले. एका रोलवर बारा फोटो, म्हणजे एकूण २०४. त्यातले दोन रोल वाया गेले, ते पुढे सांगते. नाशिकला गंगेवरच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) बुधवारच्या बाजारात पूर्वी मी एवढे फोटो एका सकाळी फोनवर काढायचे आणि घरी येऊन त्यातले दहासुद्धा उघडून बघायचे नाही.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. फोटो म्हणजे माझ्यासाठी चित्राचा कच्चा माल. त्यामुळे लेन्स किती धारदार वगैरे चर्चा हवी असेल तर इथे फार काही मिळणार नाही.

कॅमेरा जपानी. १९७० साली बाजारात आला आणि १९८६ पर्यंत बनत होता. दोन लेन्स एकावर एक: वरचीतून बघायचं, खालचीतून फोटो निघतो. लेन्स ८० मिमीची, तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ ३.५ इतकं उघडतं. फिल्म १२० ची, फोटो चौकोनी, ६ बाय ६ सेंटिमीटरचा. नावातला ‘जी’ म्हणजे गोल्ड. आतल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरच्या जोडण्यांना सोन्याचा मुलामा आहे म्हणे. सोनं घरात आल्याचं आईला सांगितलं, तर तिने आधी किंमत विचारली. जुनाच घेतला, एकोणीस हजारांना. वजन किलोच्या वर, मान दुखते. रोल हजाराच्या आसपास पडतो, म्हणजे एका फोटोला धुलाई सोडून ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. हा आकडा बोटाला बरोबर आठवतो.

मला खरा फरक पडला तो बघण्याच्या पद्धतीने. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून दुधी काचेवर बघायचं. तिथे चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं उलटं. पहिले दोन रोल मी नुसती चुकीच्या बाजूला वळत होते. मग लक्षात आलं, चित्रकार हेच तर करतात. काढलेलं चित्र आरशात धरलं की तोल कुठे गेलाय ते लगेच कळतं, कारण ओळखीची वस्तू अनोळखी होते. रामकुंडाजवळच्या फुलवाल्या मावशींनी विचारलं, “काय गं, पोटात काय दिसतंय एवढं?” काच दाखवली. बराच वेळ बघून म्हणाल्या, “अगं, नारोशंकराचं देऊळ इकडं कसं काय आलं?” माझ्या चार वर्षांच्या कॉलेजचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

दुसरी गोष्ट उंचीची. पोटापासून जग दिसतं ते साधारण पाच-सहा वर्षांच्या पोराला दिसतं तसं. टेबलांच्या कडा, पिशव्यांचे तळ, माणसांचे हात. इतकी वर्षं मुलांसाठी चित्रं काढतेय आणि सगळी माझ्याच डोळ्यांच्या उंचीवरून काढत होते, हे कळायला एकोणीस हजार लागले.

आता तांबट आळीचं सांगते. एका पुस्तकात मठारकाम करणारे, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके देणारे आजोबा आहेत. फोनवर मी आधीच दोनशेवर फोटो काढून आणले होते. प्रत्येकात हातोडी हवेत थांबलेली, एकदम स्पष्ट, आणि त्यावरून काढलेलं चित्र मेलेलं. ही फोनची चूक नाही. हातोडी दिसतेय म्हटल्यावर मी पुढे बघितलंच नव्हतं.

यशिका घेऊन गेले तेव्हा रोलमध्ये चारच फोटो उरले होते. दुकानात अंधार. काकांना विचारून पायरीवर बसले आणि पाऊण तास नुसती वही काढून रेघोट्या मारल्या. तेव्हा दिसलं, की उजवा हात जवळजवळ एकाच जागी वरखाली होतोय. काम करतोय तो डावा. दर ठोक्यानंतर हंडा बोटभर फिरतो, की लगेच दुसरा ठोका. म्हणून खड्डे एका रांगेत, विणल्यासारखे पडतात. काकांना बोलून दाखवलं तर म्हणाले, “ताई, मारायला काय, कोणीपण मारतं. फिरवणं शिकायला वर्षं जातात.”

लेन्स पूर्ण उघडली, शटर १/३० सेकंद, कॅमेरा गुडघ्यावर टेकवला. चारपैकी दोन हलले. तिसऱ्यात हातोडीचा नुसता फराटा आहे आणि डावा हात, त्याची नखं, तांब्यावरचा उजेड, सगळं जागच्या जागी. पुस्तकातही हातोडी मी ब्रशच्या एका फटकाऱ्यात संपवली. संपादकबाईंचा पहिला प्रश्न: “हातोडी राहिली का काढायची?”

आता क्रम असा ठरून गेलाय: जागेवर वहीत काढायचं, मग एखाद-दोन फोटो, घरी आठवणीतून कच्चं चित्र. रोल संपून धुवून होईपर्यंत तीनेक आठवडे जातात. तोवर जे विसरायचं ते मी विसरलेली असते, आणि निगेटिव्ह फक्त खात्रीपुरते लागतात: हंड्याला कडी होती की कान? आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतला वाटाणा थोडा थोडा करत महिनाभर चित्रित केला होता. त्यापुढे माझे तीन आठवडे काहीच नाहीत, पण डेडलाइनवाल्यांना हे उदाहरण पटत नाही. म्हणून घाईच्या कामाला मी आजही फोनच वापरते.

आता तक्रारी. मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, तो सेल आता बनत नाही. १.५ चा घातला की आकडा चुकतो. तसाही काळाराम मंदिराच्या काळ्या दगडाला मीटर राखाडी करायला बघतो, त्यामुळे मी तो सोडूनच दिला. भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ आणि ४०० वेगाच्या फिल्मला शटर १/५०० सेकंद, तिथून सावलीप्रमाणे अंदाजाने खाली. दोन महिन्यांत डोळा बसतो. आणखी एक, फोटो फार जवळून काढू नका: बघायची लेन्स वर असल्याने माणसाचं डोकं कापलं जातं, आणि मीटरभराच्या अलीकडे फोकसच होत नाही. पावसाळ्यात वरच्या लेन्सला बुरशीचे धागे दिसले. तेव्हापासून कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो.

वाया गेलेले दोन रोल. एक बाहेर धुवायला दिला होता, तो उभ्या चरांसकट परत आला. “फिल्मच जुनी असेल,” हे उत्तर. तेव्हापासून घरीच धुते. डेव्हलपर २० अंशांना साडेसात मिनिटं, हे कागदावर सोपं आहे. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चहाला घ्यावं असं येतं. मग बादलीत बर्फ, त्यात बाटल्या, हातात थर्मामीटर, आणि बाथरूमच्या दाराबाहेर घरच्यांची रांग. दुसरा रोल याच गडबडीत गेला: चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी हायपो ओतला, जो उमटलेलं चित्र पक्कं करायला शेवटी घालायचा असतो. फिल्म स्वच्छ बाहेर आली, काचेसारखी. त्यात माझी अख्खी रंगपंचमी होती, रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात उड्या मारणाऱ्या पोरांसकट. पोरं वहीत आहेत, म्हणून वाचले.

सध्या अठरावा रोल आत आहे. सात फोटो झालेत, पाच उरलेत. ते मी पुरासाठी राखून ठेवले होते. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या (पूर किती आला ते आम्ही या मूर्तीवरूनच सांगतो) कमरेला पाणी लागलं की गाठायचं असं ठरवलंय. काल शेजारचा नातू कॅमेऱ्यात डोकं खुपसून म्हणाला, “मावशी, एक माझा काढ ना.” आता चार उरलेत.