घरी येऊन दात स्कॅन करून जाणाऱ्या अलाइनरवाल्यांपासून सावध राहा, मला ६१,१७९ रुपयांना पडलं

आधी आकडा सांगते. बुकिंगचे २,९९९, कर्जाचे ५७,००० म्हणजे ४,७५० चे बारा हप्ते, आणि प्रोसेसिंग फी १,१८० जिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. एकूण ६१,१७९. एवढं करून आज माझे खालचे समोरचे दोन दात हलतायत.

माझे पुढचे दात लहानपणापासून एकावर एक चढलेले. शाळेत असताना तारा लावायची घरची परिस्थिती नव्हती. आता चाळिशीत, ट्यूशनची मुलं समोर बसलेली असताना तोंडात तारा नको वाटल्या म्हणून पारदर्शक अलाइनर, म्हणजे दात सरळ करायचे प्लास्टिकचे ट्रे, बघितले, यात माझं काय चुकलं ते सांगा. इन्स्टावरची जाहिरात, नंबर टाकल्या टाकल्या फोन, ७४,९९९ चं पॅकेज फक्त आजच्या दिवस ५९,९९९ ला आणि वर व्हाइटनिंग फ्री, हे सगळं कसं चालतं तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही.

मग घरी एक मुलगी आली, पांढरा कोट, गळ्यात आयकार्ड. ती डॉक्टर नव्हती हे मला खूप नंतर कळलं. तोंडात स्कॅनर फिरवला, लॅपटॉपवर माझेच दात सरळ झालेले दाखवले. मी विचारलं, "एक्स-रे नको का काढायला?" तर म्हणाली, "ताई, ते जुन्या पद्धतीत लागायचं, आमच्या सॉफ्टवेअरला सगळं दिसतं." इथेच! इथेच तिला दाराबाहेर काढायला हवं होतं. ते वाक्य अजून कानात आहे आणि दर वेळी तेवढाच संताप होतो, कारण प्रश्न मी बरोबर विचारला होता, उत्तर खोटं मिळालं. स्कॅनमध्ये दाताचा बाहेरचा भाग आणि हिरडी दिसते, बस. मुळं आणि जबड्याचं हाड बघायला ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढावा लागतो, आणि दात सरकतो तो त्या हाडातूनच. मी गणित शिकवते, मला हे कुठून माहीत असणार? त्यांचा तर हा रोजचा धंदा आहे.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं हे मी तिला स्पष्ट सांगितलं होतं, नवरा शेजारी बसला होता. तरी तिने तिच्या टॅबवर स्वतःच फॉर्म भरला, हिरड्यांचा आजार नाही असं टिक केलं आणि मला फक्त बोटाने सही करायला लावली. ओटीपी आला तो "व्हेरिफिकेशनचा" म्हणून मागितला, तो निघाला कर्जाचा. नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे कंपनीलाच हप्त्याने पैसे द्यायचे असं मी समजत होते, पण कर्ज तिसऱ्याच फायनान्सवाल्यांचं, त्यांनी अलाइनरवाल्यांना पैसे एकरकमी देऊन टाकले आणि मी अडकले. कर्जावर सही करायच्या आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा, त्यात सगळे चार्जेस लिहिलेले असतात, आणि कूलिंग-ऑफची मुदत असते तेवढ्यात बाहेर पडता येतं. मला यातलं काहीच दाखवलं नाही.

ट्रे कुरिअरने आले. दिवसाला २२ तास घालायचे, १५ दिवसांनी पुढचा. बऱ्याच केसेसमध्ये दातांवर छोटे बटणासारखे अटॅचमेंट चिकटवतात, गरज पडली तर दोन दातांमध्ये थोडं घासून जागा करतात, हे डॉक्टरच्या खुर्चीत बसूनच होतं. मला एकाही डॉक्टरने हात लावला नाही. फ्री व्हाइटनिंगच्या जेलने हिरड्या पांढऱ्या पडून सोलल्या, गार पाणी लागलं की सणक मस्तकात जायची. आणि समोरच्या एका दाताला माझं जुनं फिलिंग आहे, फिलिंगचा किंवा कॅपचा रंग ब्लीचने बदलत नाही, त्यामुळे बाकीचे दात उजळले आणि तो एक पिवळट उठून दिसायला लागला.

दात हलायला लागल्यावर घाबरून ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरकडे गेले. ६०० रुपयांचा ओपीजी काढला आणि त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, खाली हाड झिजलंय, आधी हिरड्यांची ट्रीटमेंट हवी होती, दात हलवायलाच नको होते. हिरड्यांचे ६,५०० वेगळे गेले. डॉक्टर एमडीएस ऑर्थो, म्हणजे दात सरळ करण्यातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, आहे का ते विचारा, रजिस्ट्रेशन नंबर मागा, लाज बाळगू नका.

कंपनीचं कस्टमर केअर तिकीट उघडतं आणि "रिझॉल्व्ह्ड" म्हणून बंद करतं. फायनान्सवाले म्हणतात ट्रीटमेंटशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. बँकेत मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बंद करायला गेले तर म्हणे फायनान्सवाल्यांचं पत्र आणा. पोलीस चौकीत तासभर बसवून ठेवलं आणि "मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलात ना, हे सिव्हिल मॅटर आहे", अर्ज घ्यायलाही तयार नाहीत, पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. एक हवालदार तर हसून म्हणाला, "या वयात कशाला दात सरळ करायचे?" मी माझ्या कष्टाच्या पैशाने काय करावं हे यांनी ठरवायचं? गेलेल्या पैशाइतकाच तो शब्द लागलाय. फॉर्मवर डॉक्टर म्हणून कुणाची तरी अस्पष्ट सही आहे, तो डॉक्टर कोण हे एकाने तरी विचारायला हवं होतं की नाही! प्रत्येक जण दुसऱ्याच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची अशीच थेट घरी अलाइनर पाठवणारी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, लोकांची ट्रीटमेंट अर्धवट राहिली आणि हप्ते मात्र भरत राहा असं सांगितलं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर.

आता ग्राहक आयोगात केस टाकतेय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, आयोगाकडे ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर तक्रार होते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. फायनान्सवाल्यांनी ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तेही फुकट आहे. आणि तक्रार करायच्या आधी ॲपमधला ट्रीटमेंट प्लॅन, चॅट, कन्सेंटची पीडीएफ सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मी रिफंड मागितल्यावर माझं लॉगिनच बंद केलं त्यांनी. ट्रेची पाकिटंही फेकू नका, त्यावर नंबर छापलेला असतो.