म्युनिकची खोली आणि माझ्या पासपोर्टची प्रत

म्युनिकमध्ये हिवाळी सत्रासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशापेक्षा खोली मिळवणे अधिक जड जाते. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या लांबलचक असतात, आणि राहण्याच्या पत्त्याची नोंदणी, म्हणजे आन्मेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. त्यामुळे भारतातून निघण्यापूर्वीच खोली पक्की करण्याची घाई प्रत्येकाला असते आणि भामट्यांचा सारा धंदा या घाईवर चालतो.

मी नाशिकला असताना श्वाबिंग भागातील एका खोलीची जाहिरात माझ्या पाहण्यात आली. भाडे हीटिंगसह 480 युरो होते, म्हणजे त्या भागाच्या मानाने कमी, पण संशय यावा इतके हास्यास्पद नव्हे. मालकीणबाई नोकरीनिमित्त स्पेनमध्ये असल्याने करार ईमेलवर होईल आणि किल्ली कुरियरने येईल, असे ठरले. सिगारेट ओढता का, रात्री उशिरापर्यंत जागता का, अशी चौकशी त्यांनी इतक्या आस्थेने केली की परीक्षा आमचीच चालली आहे असे वाटावे. परदेशातील अनोळखी माणसाला पैसे पाठवताना भीती वाटणे साहजिक आहे, असे स्वतःहून लिहून त्यांनी आपल्या पासपोर्टची प्रत पाठवली आणि करारासाठी माझी मागितली. करार शुद्ध जर्मनमध्ये, कलमांच्या क्रमांकांसह होता.

तीन महिन्यांचे डिपॉझिट आणि पहिले भाडे मिळून 1,920 युरो वडिलांनी नाशिकच्या बँकेतून पाठवले. ब्लॉक्ड अकाउंटमधील, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम ज्यात आधीच ठेवावी लागते त्या खात्यातील, 11,904 युरोंना जर्मनीत पोहोचेपर्यंत हात लावता येत नाही, त्यामुळे ही रक्कम घरच्या बचतीतून गेली. त्यानंतर कुरियरच्या विम्यासाठी आणखी 300 युरोंची मागणी आली. आम्ही नकार देताच पत्रव्यवहार थांबला. म्युनिकला उतरल्यावर मी त्या पत्त्यावर गेलो. इमारत खरी होती, परंतु जर्मनीत दारावरच्या बेलशेजारी सहसा रहिवाशाचे आडनाव असते आणि त्या पाटीवर मालकीणबाईंचे आडनाव कुठेच नव्हते.

कागदोपत्री पाहता, फसवणुकीच्या खुणा करारातच होत्या. जर्मन नागरी कायद्याच्या कलम 551 नुसार डिपॉझिट हीटिंगसारखे खर्च वगळून येणाऱ्या मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही आणि ते तीन समान हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. येथे मात्र हीटिंगसह भाड्याची तिप्पट, तीही किल्लीआधी एकरकमी मागितली होती. आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरे देश दाखवतात. जर्मन खात्याची डीई असतात, आमच्याकडे आलेला क्रमांक ईएसने सुरू होत होता आणि त्याला स्पेनमधील नोकरीचे सोयीचे कारण तयारच होते. युरो क्षेत्रातील बँकांना ऑक्टोबर 2025 पासून खातेदाराचे नाव आयबॅनशी जुळते का हे पैसे जाण्यापूर्वी दाखवावे लागते, परंतु भारतातून जाणाऱ्या रकमेला हे संरक्षण नाही.

पैशांपेक्षा मोठा घोटाळा नंतर उघड झाला. पुण्याच्या एका विद्यार्थिनीने मला शोधून काढून नम्रपणे विचारले, "सर, तुमची म्युनिकची खोली अजून रिकामी आहे का?" तिला आलेल्या ईमेलसोबत घरमालकाचा पुरावा म्हणून माझाच पासपोर्ट जोडलेला होता. माझ्याकडे आलेला पासपोर्टही बहुधा माझ्याआधी फसलेल्या कुणा तरुणीचा असावा, असे मला तेव्हा वाटले. ओळखपत्राची प्रत या व्यवहारात काहीच सिद्ध करत नाही. ती फक्त पुढच्या सावजासाठीचे आमिष असते. द्यावीच लागली तर पासपोर्ट क्रमांक झाकून, प्रतीवर आडवे "फक्त अमुक खोलीच्या करारासाठी" असे तारखेसह लिहून द्यावी, आणि तीही खोली स्वतः किंवा तेथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाने आतून पाहिल्यावरच. व्हिडिओ कॉलवर मालकाला खोलीतून दाराबाहेर येऊन बेलची पाटी दाखवायला सांगावे. टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवावा.

भारतात 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करून बँकेला रक्कम परत मागवण्याची विनंतीही केली, परंतु खाते तोवर रिकामे झाले होते. म्युनिक पोलिसांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला. खोलीची चौकशी करणारे निरोप मला अजूनही येतात आणि प्रत्येकाला मी तो क्रमांक पाठवतो.