पाच मशीन, एक निकाल: आठ महिने जेमीटर वापरल्यावर

जेमीटरच्या (सर्व्हरवर खोटी गर्दी उभी करून तो किती तग धरतो ते मोजणाऱ्या साधनाच्या) आलेखावर दोन उंचवटे होते. आधी एक बुटका, मग एक उंच. आमच्या ऑफिसात (जुळे सोलापूर, दोन खोल्या, चार माणसं) त्यावर दीड दिवस खल चालला. सर्व्हर आधी थोडा दमतो, सावरतो आणि चार मिनिटांनी पार कोलमडतो, असं का? डेटाबेस बघणाऱ्यानं बॅकअपवर बोट ठेवलं, मी जावाच्या गार्बेज कलेक्शनवर (नको असलेली मेमरी रिकामी करण्याच्या कामावर). शेवटी कळलं की सर्व्हर दमला होता एकदाच. गर्दी उभी करणाऱ्या पाचपैकी एका मशीनचं घड्याळ चार मिनिटं मागं होतं. मदरबोर्डवरचा सेल संपलेला, आणि लॅबमधून इंटरनेट बंद असल्यामुळं वेळ आपोआप जुळण्याचा प्रश्नच नव्हता. नव्या पेठेतून एक सीआर २०३२ सेल आणून बसवला आणि बुटका उंचवटा गायब झाला.

काम एका शिक्षणसंस्थेच्या निकालाच्या पोर्टलचं. निकाल लागला की पहिल्या दहा मिनिटांत सगळा गाव एकाच पानावर तुटून पडतो, हे नव्यानं सांगायला नको. एका मशीनवरून तेवढी गर्दी उभी करता येईना, म्हणून संस्थेच्याच लॅबमधली पाच जुनी मशीन घेतली. सर्व्हरही त्याच नेटवर्कवर होता, त्यामुळं ब्रॉडबँडचा अडथळा मधे आला नाही. पहिली पूर्ण चाचणी गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत केली. पोरं होम मैदानावर, लॅब रिकामी.

जेमीटर निवडलं कारण ते फुकट आहे, जावा असलेल्या कुठल्याही डबड्यावर चालतं आणि अपाची या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या संस्थेचं असल्यामुळं मदत मिळते. गर्दी उभी करण्याच्या कामात मला ते आवडलं, आजही आवडतं. माझी तक्रार आहे ती चाचणीचे पाच ठिकाणचे निकाल एका जागी आणण्याबद्दल. निकालाच्या पोर्टलचे निकाल गोळा करता येईनात म्हणून घरी माझी चेष्टा झाली ती वेगळीच.

मूळ रचना अशी: एक वेगळं मशीन मुकादम, बाकीची कामगार. मुकादम चाचणीचा आराखडा सगळ्यांकडं पाठवतो, कामगार हाणामारी करतात आणि प्रत्येक विनंतीचा हिशोब चालू चाचणीतच मुकादमाकडं परत येतो. ऐकायला झकास. पण हा सगळा संवाद जावाच्या आरएमआयवरून (एका मशीनवरच्या प्रोग्रॅमनं दुसऱ्या मशीनवरच्याशी बोलायची सोय) चालतो. पोर्ट (नेटवर्कचं दार) १०९९ उघडलं की झालं असं वाटतं, पण प्रत्यक्ष बोलणं वेगळ्याच पोर्टवर होतं आणि ते ठरवून दिलं नाही तर दर वेळी बदलतं. शिवाय निकाल परत येताना कामगार स्वतः मुकादमाकडं जोडणी करतो, म्हणजे फायरवॉल दोन्ही बाजूंनी उघडावी लागते. आमची पहिली संध्याकाळ यातच गेली: चाचणी सुरू झाली, सर्व्हरवर लोड दिसतोय, आणि मुकादमाच्या पडद्यावर एक ओळ नाही. ४.० आवृत्तीपासून आरएमआयला एसएसएल (सांकेतिक जोडणी) लागतं, त्याची कीस्टोअर (किल्ल्यांची) फाइल एकदा बनवून सगळ्या मशीनवर टाकायची असते, हे त्याच रात्री शिकलो. जेमीटर आणि जावाच्या आवृत्त्याही सगळीकडं एकच ठेवा.

दोन गोष्टींनी आमचं हसं केलं. पहिली, आराखड्यात लिहिलेली थ्रेडसंख्या (एक थ्रेड म्हणजे एक खोटा वापरकर्ता) मशीनमधे वाटली जात नाही, प्रत्येक मशीन पूर्ण आराखडा चालवतं. आम्ही ५०० लिहिले आणि सर्व्हरवर आदळले २५००. दुसरी जास्त धोक्याची, कारण तिच्यामुळं निकाल चांगले येतात. आसन क्रमांकांची सीएसव्ही फाइल मुकादम पाठवत नाही, ती प्रत्येक मशीनवर आपणच ठेवायची. आम्ही तीच फाइल पाचही ठिकाणी टाकली. पाच मशीन तेच क्रमांक त्याच क्रमानं विचारत राहिली, पहिल्या वेळेनंतर उत्तर कॅशमधून (आधीच साठवलेल्या उत्तरांतून) येत राहिलं आणि पोर्टल विजेसारखं पळालं. संस्थेचे सर खूश, आम्ही खूश. चार दिवसांनी फाइलीचे पाच वेगळे तुकडे केले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

आता मूळ दुखण्याकडं येतो. नेहमीच्या सेटिंगमधे कामगार मशीन १०० नोंदी साठल्या किंवा ६० सेकंद झाली की एक गठ्ठा मुकादमाकडं पाठवतं. विनंत्यांच्या उत्तराचा मजकूर त्यातून आधीच गाळलेला असतो. कमी लोडला हे ठीक चालतं. लोड वाढला की मुकादमावर पाच बाजूंनी गठ्ठे येऊन पडतात आणि लिहिणारा हा एकटा. असिंक्रोनस पद्धत (नोंदी रांगेत टाकून मागाहून पाठवायची) लावून पाहिली, तर रांग भरल्यावर कामगाराचे थ्रेडच थांबून राहतात. म्हणजे निकाल पाठवण्याच्या नादात लोडच कमी होतो आणि आपल्याला वाटतं सर्व्हरनं तग धरला. सगळं मेमरीत धरून शेवटी पाठवायची पद्धतही आहे. ४ जीबीच्या मशीनवर ती वापरून बघू नका.

मग कुणीतरी सुचवलं, प्रत्येक मशीनला आपापला ९५ वा पर्सेंटाइल (१०० पैकी ९५ विनंत्या ज्या वेळेत पुऱ्या होतात ती वेळ) काढू दे, आपण पाचांची सरासरी घेऊ. इथं थांबून हिशोब करा. चार मशीनवर प्रत्येकी १००० विनंत्या, सगळ्या ०.८ सेकंदात. पाचव्यावर १०००, त्यातल्या ३०० ना ९ सेकंद. पाचव्याचा पर्सेंटाइल ९, बाकीच्यांचा ०.८, सरासरी २.४४. आता सगळ्या ५००० ओळी एकत्र करा: संथ विनंत्या ६ टक्के, म्हणून खरा ९५ वा पर्सेंटाइल ९ सेकंद. संथ विनंत्या ३०० ऐवजी २०० असत्या तर सरासरी तीच २.४४ आली असती, पण खरा आकडा ०.८. पर्सेंटाइलची सरासरी काढणं म्हणजे पाच वर्गांतल्या पाचव्या नंबरच्या पोरांचे मार्क मिसळून शाळेचा पाचवा नंबर काढणं. इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसात आकडे पाठवून ग्राफाना या आलेखांच्या साधनात बघणाऱ्यांनीही जपून: तिथला पर्सेंटाइलसुद्धा प्रत्येक मशीन स्वतःपुरताच काढून पाठवतं.

या बाबतीत लोकस्ट (पायथनमधलं असंच साधन) शहाणं निघालं. तेही आठवडाभर वापरलं. त्याचे वर्कर प्रतिसादाच्या वेळा ढोबळ करून, कुठल्या वेळेच्या किती विनंत्या ते मोजून मास्टरला पाठवतात. १४७ मिलिसेकंदाचे १५० होतात. मोजण्या असल्यामुळं त्यांची बेरीज करता येते आणि पर्सेंटाइल जवळपास बरोबर येतो. पण आमचे आराखडे सगळे जेमीटरमधे, आणि पायथन येणारा माणूस पुण्याला गेला.

आता गेले चार महिने मुकादमगिरी बंद आहे. पाचही मशीनवर जेमीटर स्वतंत्र, पडद्याशिवाय चालतं. एसएसएचवरून (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीनं) ठरलेल्या मिनिटाला सुरू होतं आणि आपापली जेटीएल (नोंदींची) फाइल आपल्याच डिस्कवर लिहितं. संपल्यावर पाच फाइली एका जागी आणायच्या, मथळ्याची ओळ एकदाच ठेवायची, वेळेनुसार लावायच्या आणि त्या एका फाइलवरून जेमीटरचाच एचटीएमएल अहवाल काढायचा. फाइल मोठी असेल तर त्याआधी जावाची हीप (वापरायला दिलेली मेमरी) वाढवा.

एक सेटिंग मात्र विसरू नका: प्रत्येक ओळीत मशीनचं नाव लिहायला लावा. ते आपोआप येत नाही. वरच्या उदाहरणातलं पाचवं मशीन मी कल्पनेतून काढलेलं नाही. ओळी एकत्र केल्यावर ९ सेकंद दिसले, सर्व्हरवाल्याची झोप उडाली आणि मग नावाच्या रकान्यावरून गाळलं तर सगळ्या संथ ओळी खिडकीजवळच्या एकाच डब्याच्या. एप्रिलची दुपार, लॅबला एसी नाही, प्रोसेसर शंभर टक्के. सर्व्हर निर्दोष होता, दम लागला होता लोड टाकणाऱ्याला. लॅबच्या मामांनी तर आधीच सांगितलं होतं, "ते खिडकीचं मशीन रोज दुपारी असंच करतंय की ओ."

या पद्धतीत चालू चाचणीचं एकत्र चित्र दिसत नाही, हे खरं नुकसान आहे. पाच टर्मिनल शेजारी शेजारी उघडून दर ३० सेकंदांनी येणारी सारांशाची ओळ वाचत बसतो. आणि एखादं मशीन सुरूच झालं नाही तर ते सांगायला कुणी नाही. मागच्या महिन्यात चौथ्याची डिस्क भरलेली होती, आम्ही ४० मिनिटं चार मशीनवरच चाचणी केली. आता सुरू करण्याच्या स्क्रिप्टमधे रिकामी जागा आणि घड्याळ दोन्ही तपासतो, फरक एका सेकंदापेक्षा जास्त असला तर ती पुढं जात नाही. खिडकीचं मशीन मामांनी भिंतीकडं सरकवलंय.